धुरळ्याला कोण बोलावणार?

डोळे मिटा बघू क्षणभर, आणि एक शाळा मनात उभी करा. राहिली उभी? आता तिच्या भिंती काढून टाका. फाटक काढा, घंटा काढा, बाकं काढा. कौलांच्या जागी उसाच्या पाचटाचं छप्पर घाला आणि त्यावर निळी ताडपत्री ओढा. ऊन वर आलं की त्या ताडपत्रीखाली बसलेल्यांचे चेहरे निळसर दिसतात, जणू सगळी शाळा पाण्याखाली भरली आहे. समोर उसाचे फड, त्यांच्या पलीकडे साखर कारखान्याचं धुराडं, त्याच्याही मागे एक बोडका डोंगर, आणि हवेत मळीचा गोड, आंबूस वास. दिवाळी झाली की ही शाळा उभी राहते. उन्हाळ्यात ऊस संपतो, तोडणीला आलेली माणसं आपापल्या गावी परततात, आणि शाळेची ताडपत्रीही घडी होऊन कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर चढते. मागे नुसतं शेत उरतं. साखरशाळा म्हणतात तिला. मी तिथे शिकवत होते, त्याला आता खूप वर्षं झाली.

डोळे उघडू नका अजून. पुढच्या ओळीत धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी दिसते का? तेल न लागल्यामुळे केस तांबूस झालेले, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. ती शिवकन्या. तिच्याकडे लक्ष ठेवा.

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं तेव्हा सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. गोष्टीत लग्न लागलं होतं, पंक्ती उठल्या होत्या, राज्य सुखी झालं होतं. जिलब्यांचं वर्णन ऐकून एक जण तर जागेवरच लोळला होता. शिवकन्येनं टाळ्या वाजवल्या नाहीत. भावाच्या केसांत अडकलेली पाचटाची काडी काढत ती म्हणाली, "बाई, पुढचा भाग कवा?"

"हा शेवटचा होता. आता पुढचा नाही."

"म्हंजी पट्टा पडला?"

गाळप संपून कारखान्याचा हंगाम बंद झाला की पट्टा पडला म्हणतात. त्या मुलांकडे संपण्यासाठी तोच शब्द होता. मी हो म्हटलं.

"पण पुढल्या साली कारखाना परत चालू व्हतोच की."

"पुस्तकाचं तसं नसतं, शिवकन्या."

तिनं भावाला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग आता म्या अयोध्याला काय सांगू?"

हे कळायला तुम्हाला नभा माहीत हवी, आणि अयोध्याही.

नभा ही पुस्तकातली. पवनघाट नावाच्या मुलखातली गुराखी मुलगी. तिनं शीळ घातली की चारी दिशांचा वारा गोळा व्हायचा, गरगर फिरायचा, आणि त्या वावटळीतून धुळीचा एक घोडा बाहेर यायचा. त्याचं नाव धुरळ्या. धुरळ्यावर बसलं की डोंगर, नदी, कोट, काही आडवं येत नसे. त्या मुलखाच्या टोकाला अंधारकोट होता. त्याचं दार कोणीतरी उघडं टाकलं होतं आणि त्यातून येणारा काळोख गावागावातले दिवे गिळत चालला होता. नभा एकेका गावाचे दिवे सोडवून आणायची. ह्या मालिकेचा एक भाग मी दर हंगामाला घेऊन यायचे आणि रोज थोडा थोडा वाचून दाखवायचे. मुलं दुसऱ्या जिल्ह्यातून, रात्रभराचा प्रवास करून यायची, आणि ट्रॅक्टरवरून उतरल्यावर भांडी उतरवण्याआधी मला विचारायची, नभा आली का म्हणून.

आणि अयोध्या ही त्यांच्यातलीच. शिवकन्येपेक्षा थोडी मोठी, तिच्याच गावची, तिच्याच गल्लीतली. नभाची गोष्ट सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यातच अयोध्या दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायला शिकली. अशी शीळ, की दावणीचे बैल माना वर करून उभे राहायचे. ऊसतोड्यांच्या तळावरच्या बायका तिच्यावर ओरडत, पोरीच्या जातीनं शीळ घालू नये, घरातलं वाईट होतं. अयोध्या येऊन मला विचारायची, नभाला कसं कोणी म्हणत नाही? मी सांगायचे, नभाच्या गावात तशी रीत नसेल. त्यावर ती म्हणायची, मग त्याच गावाला चारा चांगला असेल तर बापाला सांगते, तिकडंच टोळी घेऊन चल.

शिवकन्येला शीळ कधी जमली नाही. गाल फुगवून ती जीव खाऊन फुंकायची आणि बाहेर यायची नुसती हवा आणि थुंकी. अयोध्या तोंड पुसत म्हणायची, "तुह्या शिळंनं घोडा न्हाई यायचा, पाऊस येईल."

त्या वर्षी दिवाळीनंतर टोळीचा ट्रॅक्टर आला तेव्हा अयोध्या मागच्या बाजूनं उडी मारून उतरली नाही. कोणीतरी हात दिला तेव्हा उतरली. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. मागून एक पोरगा पत्र्याची पेटी घेऊन उतरला, त्याला अजून मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तो तिचा नवरा, विष्णू.

ऊसतोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोरगा हाताशी आला की मुकादम म्हणतो, अर्ध्याचा पुरा करा. आणि मुलगी मोठी झाली की आईबापांना घोर असतो, सहा महिने हिला गावाकडे कोणाच्या भरवशावर ठेवायची. ह्या दोन गोष्टी जुळल्या की दिवाळीत लग्न लागतं. मी संस्थेच्या लोकांना घेऊन तिच्या बापाकडे गेले, मुकादमाकडे गेले. कायदा सांगितला. बाप खाली बघत राहिला. आश्रुबा मुकादम म्हणाला, वय भरलंय बाई तिचं, आम्हाला काय कळत नाही का. आदल्या हंगामात ती माझ्यासमोर बसून अपूर्णांक शिकत होती.

लग्न झालेल्या मुलीनं शाळेत बसायचं नाही, हे तिला कोणी सांगावंही लागलं नाही. पहाटे अंधारात फडावर जायचं, वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि परत आल्यावर चूल. पण संध्याकाळी पाण्याचा टँकर आला की तिला घागर घेऊन रांगेत उभं राहावं लागे. त्या रांगेत शिवकन्या असे. तेवढ्या वेळात दिवसभराची गोष्ट तिच्या कानात घालायची, असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी एकदा घरी निघताना त्या रांगेजवळून गेले. शिवकन्या मी वाचलेलं जवळजवळ शब्दाला शब्द सांगत होती, माझ्यासारखा चष्मा वर सरकवल्याचा हातवाराही करत होती. आणि अयोध्या मध्येच थांबवून तपासत होती, हे पुस्तकात हाय का तुह्या मनचं? शिवकन्या गळ्याला हात लावून शपथ घेत होती. अयोध्या आणि नभा ह्यांच्यात आता एवढाच एक धागा राहिला होता, आणि तो तुटू नये म्हणून अयोध्या इतकी काटेकोर झाली होती.

म्हणून शेवटचं प्रकरण वाचून झाल्यावर शिवकन्येनं मला तो प्रश्न विचारला.

शेवट असा होता. अंधारकोटाचं दार लोखंडानं लागेना, दगडानं लागेना. फट तेवढी राहायचीच. मग कोटाच्या आतून आवाज आला, तुझी शीळ दे. नभानं तोंड फटीला लावलं आणि छातीतली सगळी शीळ आत सोडली. दार लागलं. सगळ्या मुलखातले दिवे परत पेटले. कोटात कोंडलेला राजपुत्र सुटला, त्यानं नभाला पालखीतून नेलं, लग्न केलं, ती राणी झाली. पण शीळ कायमची गेली ती गेलीच. शेवटच्या पानावर एवढंच होतं, की रोज सकाळी राजवाड्यासमोरच्या डोंगरावर धुरळ्या येऊन उभा राहतो, कान टवकारतो, थोडा वेळ थांबतो आणि निघून जातो. राणी गच्चीतून त्याला बघते. तिला हाक मारता येत नाही.

मी घरी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं. लिहिणाऱ्यानं सोपं काही केलं नव्हतं. दिवे हवेत तर काहीतरी द्यावं लागणार, हे त्यात खरं होतं. त्या निळ्या उजेडात, शिवकन्येसमोर बसून तेच मोठ्यानं वाचलं तेव्हा मात्र पालखीच्या वाक्याशी माझा आवाज अडखळला.

बाकीची मुलं जेवायला गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. मी तिला समजावलं, की नभानं स्वतःहून शीळ दिली, सगळ्या गावांसाठी दिली, म्हणून हा शेवट मोठा आहे.

"दिली ते लई बरं केलं," शिवकन्या म्हणाली. "न्हाई तर दिवे कुठून आले असते? पण बाई, पुस्तकातल्या लोकांनी जिलब्या कामून खाल्ल्या? एक जण तरी रडाया पायजे व्हता ना तिच्यासाठी. कुणीच रडलं न्हाई."

मी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिनं शेवटचं पान उघडून, त्याच्या मागचं कोरं पानही उलटून बघितलं आणि परत दिलं.

त्या संध्याकाळी ती टँकरवर गेली नाही. आईला म्हणाली पोट दुखतंय. दुसऱ्या दिवशीही भाऊ रडतो म्हणून राहिली. तिच्या आईनं, कौसाबाईनं, मला वाटेत गाठून विचारलं, बाई, पोरीला काय झालंय, शाळेत कोणी मारलं का? मग तिनं आवाज खाली आणला. आश्रुबा मुकादम तिच्या नवऱ्याच्या कानाला लागला होता. शेजारच्या तळावर एक पोरगं होतं, अर्धा कोयता, आणि येत्या दिवाळीत लग्न उरकून टाकायचं चाललं होतं. कौसाबाई म्हणाली, माझं झालं तेव्हा मी हिच्याहून लहान होते. आणि तिनं असं काही तोंड फिरवलं, की हे ती मला समजावते आहे की माझ्याकडून काही ऐकायला थांबली आहे, ते मला कळेना. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणा. ती म्हणाली, माझ्या म्हणण्यानं काय होतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी अयोध्या स्वतःच आली.

फडावरची गाडी भरायला वेळ होता, म्हणून बैलांसाठी वाढ्याचा भारा आणायला सासूनं तिला मागे पाठवलं होतं. हिरव्या पानांचा तो भारा डोक्यावर तसाच ठेवून ती ताडपत्रीच्या कडेला उभी राहिली. मी आत ये म्हटलं. ती म्हणाली, नको बाई, पाय मळलेत. उसाच्या पात्यांनी तिच्या हातांवर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या. शिवकन्या माझ्या मागे सरकली.

"मेली का काय नभा?" अयोध्यानं विचारलं.

"न्हाई."

"मंग कुठं दडून बसली गं तू? म्या रोज घागर भरून परत रिकामी करती आन् परत रांगंत उभी राहती. सासू म्हणती, टँकरवाल्याशी लगीन लागलंय का तुहं."

शिवकन्या हसली नाही. ती घडाघडा सांगायला लागली. कोटानं शीळ मागितली, पण नभानं दिलीच नाही. तिनं धुरळ्याला सांगितलं, धुरळ्यानं फिरून अशी लाथ घातली की दार धाडकन लागलं. मग नभा त्याच्यावर बसून निघून गेली. कुठे गेली कोणाला माहीत नाही. अजून फिरतेच आहे.

अयोध्यानं सगळं ऐकून घेतलं. भारा डोक्यावर हलला तसा एका हातानं सावरला.

"एवढे भाग दार लाथंनं लागंना, आन् आता लागलं व्हय?"

"लागलं."

"हे तुह्या मनचं हाय."

"गळ्याशपथ पुस्तकात…" शिवकन्येचा हात गळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"पुस्तक असं बोलत न्हाई," अयोध्या म्हणाली. "खरं सांग. मला कामावर जायचंय."

मग शिवकन्येनं सांगितलं. फटीला तोंड लावल्यापासून पालखीपर्यंत, सगळं, जसंच्या तसं, खाली जमिनीकडे बघत. सांगता सांगता तिचा आवाज इतका बारीक झाला की अयोध्यानं भारा खाली टाकला आणि जवळ येऊन त्यावर बसली.

सांगून झालं. मला वाटलं अयोध्या आता रडेल. तिनं विचारलं, "सासू हाय का तिला?"

"राजपुत्राची आई पहिल्याच भागात मेली न्हाई का?"

"मंग निम्मं बरंय." ती हसली. "पाणी कोण आणतं?"

"दासी आणत्यात."

"वाड्याला दार हाय?"

"सोन्याचं."

"सोन्याचं मरू दे. आतून कडी हाय का?"

शिवकन्येला ते माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. तळावरच्या कोप्या म्हणजे चटईच्या झोपड्या असतात, दाराच्या जागी गोणपाट लावलेलं असतं. मी म्हटलं, असेल, राजवाडा आहे.

"मंग निजत असंल निवांत," अयोध्या म्हणाली. "दमली असंल गं ती. सारखं उडून उडून."

शिवकन्या एकदम उसळली. "तुला आवडलं हे? तुला चांगलं वाटलं?"

अयोध्या वाढ्याचं एक पान काढून ते बोटाभोवती गुंडाळत राहिली. "चांगलं न्हाई," ती म्हणाली. "पर वाईट बी म्हणू वाटंना. दिवे लागले ना सगळ्यांचे? एक पोरगी गेली आन् एवढे दिवे लागले. आमच्यात तर पोरगी गेली तरी एक दिवा बी न्हाई लागत."

मग तिनं मान वर केली. "घोड्याचं काय झालं? ते न्हाई सांगितलंस."

शिवकन्येनं डोंगराचं सांगितलं. अयोध्यानं माझ्याकडे वळून विचारलं, रोज येतो? अजून येतो? मी म्हटलं, शेवटच्या पानावर तसंच लिहिलं आहे, पुढे काही नाही.

"आन् कुणीच त्याला बोलवत न्हाई?"

"शीळ गेली ना तिची," शिवकन्या म्हणाली.

"तिची गेली. पवनघाटात दुसऱ्या पोरी न्हाईत का?" अयोध्यानं हातातलं पान टाकून दिलं. "घोडा काय नाव इचारून येतो व्हय?"

मी इतकी वर्षं मुलांना पुस्तकं वाचून दाखवली. मीही ते पान दोनदा वाचलं होतं, त्यावर डोळे पुसले होते. त्या पानावर एक जागा रिकामी ठेवलेली आहे, हे मला दिसलं नव्हतं.

अयोध्यानं शिवकन्येचा हात ओढून घेतला. दोन बोटं सरळ केली, बाकीची मिटली. ओठ दातांच्या आत घे म्हणाली, जीभ मागे ओढ, आता फुंक. फुस्स झालं. पुन्हा फुस्स झालं, आणि थुंकी अयोध्याच्या गालावर उडाली. दोघी हसल्या. त्या वर्षी मी त्या दोघींना एकत्र हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"तू करून दाखव ना एकदा," शिवकन्या म्हणाली.

अयोध्याची बोटं ओठांपर्यंत गेली. फडाच्या बाजूनं तिच्या नावानं हाक आली, मग दुसरी, जरा जोरात. तिनं बोटं खाली घेतली.

"माहं ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली.

मी तिला भारा उचलून दिला. पानांमुळे तिचा चेहरा दिसेनासा झाला होता. जाता जाता ती आतूनच म्हणाली, "पोटातून फुंकायचं. गालातून न्हाई."

पुढचे कित्येक दिवस आमच्या शाळेत फुस्स फुस्स चालू होतं. पाढे म्हणताना, फळा पुसताना, भावाला झोके देताना शिवकन्येची दोन बोटं तोंडात. मोठ्या मुलांनी तिची टर उडवली, हिच्या तोंडाचं चाक पंक्चर आहे म्हणाले. तिचा भाऊही बोटं तोंडात घालून फुंकायला शिकला. पण शीळ काही निघाली नाही. मीही तिला सांगून पाहिलं, की दात तुटलेला आहे, म्हणून कदाचित हवा निसटत असेल. ती म्हणाली, पोटाला कुठं दात असतेत.

मग एक दिवस ती शाळेत आली नाही. त्या दिवशी कारखाना बिघडून बंद पडला म्हणून फडाला सुट्टी होती, सगळा तळ घरी होता. दुपारी एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, बाई, शिवकन्याला बघाया पावणे आल्यात.

मी ताडपत्रीखालची लहान मुलं मोठ्या मुलांच्या हवाली केली आणि तळावर गेले. कोपीपुढं सारवलेल्या जागेवर घोंगडी अंथरली होती. आश्रुबा मुकादम, मुलाचा चुलता आणि आणखी एक म्हातारा बसले होते. शिवकन्येचा बाप लिंबाजी धुतलेला सदरा घालून उकिडवा बसला होता. मी गेल्या गेल्या बोलायला सुरुवात केली, की ती लहान आहे, हे कायद्यानंही चालत नाही, तिची शाळा आहे. लिंबाजीनं माझ्यासाठी पोतं झटकून अंथरलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बसा बाई, च्या घ्या. नुसतं बघाया आल्यात. बघितल्यानं काय व्हतंय?"

चुलता गमत्या होता. त्यानं मला विचारलं, तुमच्या शाळेत मोळी बांधायची शिकवतात का? सगळे हसले. आश्रुबा म्हणाला, भावाला दिवसभर कडेवर घेऊन फिरते, तिला मोळीचं काय ओझं. मग पुढच्या हंगामाचं बोलणं निघालं. कोणता कारखाना, किती गाड्या, किती कोयते. शिवकन्या त्यात कुठेच नव्हती, आणि होतीही.

तिला आतून बोलावलं. कौसाबाईनं आपलंच एक लुगडं तिला गुंडाळलं होतं. ते पायात येत होतं. दोन्ही हातांत पाण्याचा तांब्या आणि वर पेला धरून ती बाहेर आली. पुढे आलेले केस ओले करून चापून बसवले होते, आणि त्यामुळे ती आणखीच लहान दिसत होती. तिनं पाणी दिलं. चुलत्यानं एक घोट घेतला, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नाव काय पोरी तुझं?"

शिवकन्या त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मीही वळून पाहिलं.

पलीकडच्या कोपीपुढं अयोध्या सासूशेजारी चुलीपाशी उभी होती. हातात फुंकणी होती. ती फुंकणी तिनं हळूच खाली ठेवली, आणि उजव्या हाताची दोन बोटं ओठांजवळ नेली. सासूनं मान वळवली. अयोध्याचा हात ओठांवर थांबला नाही, तसाच वर गेला, आणि तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"लाजती," आश्रुबा म्हणाला. "सांग ना गं नाव. पावणे इचारतेत."

शिवकन्येनं तांब्या खाली ठेवला. ओले हात लुगड्याला पुसले. दोन बोटं सरळ केली, बाकीची मिटली, ओठ आत घेतले, आणि मान थोडी वर करून फुंकलं.

दावणीचे सगळे बैल माना वर करून उभे राहिले. चुलत्याच्या हातातला पेला होता तिथेच राहिला. कुठल्यातरी कोपीत झोपलेलं मूल दचकून रडायला लागलं. लिंबाजीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा आवाज कोणाचा हे त्याला ओळखूच आलं नाही. मग तो उठायला लागला.

ती मागे सरली नाही. तिनं कारखान्याच्या धुराड्यामागच्या त्या बोडक्या डोंगराकडे तोंड केलं, पोट भरून श्वास घेतला, आणि पहिल्यापेक्षा लांब अशी दुसरी शीळ घातली.